व्हर्डीची रेघ आणि टोमॅटोतले साप

व्हर्डी हार्गेटचं घर बरोबर डोंगरधारेवर होतं. छपराच्या पुढच्या पाखीवर पडलेला पाऊस एल्सबरो गावाच्या पिण्याच्या तळ्यात जायचा, आणि मागच्या पाखीवरचा टर्की ओढ्यात. पुढचं पाणी सगळ्या गावाच्या पोटात जाणार, मागचं पलीकडच्या काउंटीतल्या बदकांच्या. एवढ्या एका गोष्टीवर त्या बाईनं जन्मभर किती रुबाब केला, काही विचारू नका.

भांड्यांचं साबणाचं पाणी तिनं कधी पुढच्या दारी टाकलं नाही. पाहुणा ओसरीवर कॉफी पीत बसला आणि तळाचा गाळ सवयीनं झाडात भिरकावायला गेला की आतून आवाज यायचा, “अरे ए! ते गावाचं पिण्याचं पाणी आहे. मागं जा नि बदकांना पाज!” चर्चचे पाद्रीबाबा एकदा ओसरीवर खोकले आणि कठड्यावरून वाकून थुंकायला गेले. व्हर्डीनं नुसतं एक बोट वर केलं. बाबांनी गिळून टाकलं.

तिचा नवरा एमॉस जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, नोव्हेला. तिला सगळे नोवी म्हणायचे. ती लग्न करून लांब शार्लटला गेलेली. रस्त्याच्या पलीकडे राहायची एमॉसची बहीण अर्लीन, म्हणजे व्हर्डीची नणंद. या दोघींचं काय सांगू! एकमेकींशिवाय सकाळचा चहा गोड लागायचा नाही आणि दुसरीचं काही चांगलं झालेलं बघवायचं पण नाही.

आता त्या रेघेचं सांगते. गाव वाढत होतं. काउंटीच्या मेंबरांच्या मनात आलं, की नळाची आणि ड्रेनेजची लाइन चर्चच्या पुढे न्यावी, धारेवरून थेट पाइनच्या जंगलापर्यंत. लोकांनाही बरंच वाटलं. दारात नळ कुणाला नको असतो? त्यावर सभा भरली. आमच्याकडे रीत अशी, की ज्याला बोलायचंय त्यानं माइकपुढे जायचं आणि लाल दिवा लागला की गप बसायचं. व्हर्डी गेली ती लोणच्याची काचेची बरणी घेऊन. बरणीत तळ्याचं पाणी. माइकपुढे उभी राहिली, झाकण उघडलं आणि सगळ्यांच्या देखत अर्धी बरणी घटाघटा प्यायली.

“पाइप गेला की पाठोपाठ घरं जातात,” ती म्हणाली. “घरं आली की डांबर येतं, गाड्या येतात, हिरवळीवर मारायची औषधं येतात. पाऊस काय, वाटेत दिसेल ते उचलतो नि तळ्यात नेऊन टाकतो. त्याला काही कळत नाही. तुम्हाला कळतं ना? ज्याला लाइन पाहिजे त्यानं गावात राहावं. ज्याला धारेवर राहायचंय त्यानं आपली विहीर नि आपला शोषखड्डा बघावा. म्हणजे घरं लांबलांब राहतील आणि पाणी पाण्यासारखं राहील.”

मग उरलेली बरणी अध्यक्षांपुढे सरकवली. “प्या आत्ता. आणि लाइन गेल्यावर पुन्हा एकदा प्या.”

अध्यक्ष होते क्लाइड पेनिंग्टन. भला माणूस, जाडा चष्मा. ते बरणीकडे बघतच राहिले. लाल दिवा लागून विझूनही गेला, कुणाचं लक्ष नाही.

नंतर व्हर्डीचं पोट चांगलंच बिघडलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. अर्लीनला तेवढं कळलं, कारण अर्लीनला सगळंच कळायचं.

पण नियम झाला. चर्चच्या पाटीपुढे लाइन जाणार नाही म्हणजे नाही. नकाशा करणारी माणसं व्हर्डीकडे आली. म्हणाली, “मिस व्हर्डी, पाणलोटाची हद्द तुमच्या छपरावरून जातेय. तुमची मागची जमीन आम्ही नियमाच्या बाहेर ठेवतो. पुढे मागे लागली लाइन, तर सोय राहील.”

व्हर्डीला आला राग. “अर्धं घर आत नि अर्धं बाहेर? माझं स्वयंपाकघर काय सावत्र आहे? सगळं आत घ्या. शेवटच्या कुंपणापर्यंत.”

घेतलं बिचाऱ्यांनी. नकाशावर ती रेघ तिच्या कुंपणाला वळसा घालून गेली, आणि सगळं गाव तिला व्हर्डीची रेघ म्हणायला लागलं. तिची मान अशी ताठ झाली, की चर्चमध्ये तिच्या मागे बसणाऱ्याला पाद्रीबाबा दिसेनात.

तिच्या ताठ मानेचं दुसरं कारण म्हणजे टोमॅटो. आमची माती लाल चिकण. ओली असली की बूट काढून घेते, वाळली की तिच्यावर कुदळ वाजते. पण व्हर्डीच्या घराच्या मागं, उतारावर, एका पट्ट्यात माती वेगळी होती. भुसभुशीत, कुस्करलेल्या गुळासारखी. तिथं बादली ओतली तर ओतणाऱ्याची पाठ वळायच्या आत पाणी गडप. त्या पट्ट्यात एमॉसच्या बापापासूनच्या बियाण्याचे टोमॅटो यायचे, एकेक तान्ह्या पोराच्या डोक्याएवढा. दर उन्हाळ्यात काउंटीच्या जत्रेत पहिल्या नंबरची निळी फीत व्हर्डीला, दुसऱ्या नंबरची लाल फीत अर्लीनला. अर्लीनच्या कपाटात नुसत्या लाल फिती. ती म्हणायची, “माझ्या भावाचं बी, माझ्या बापाची जमीन, नि फीत हिला.”

तर असं सगळं ऐटीत चाललेलं असताना एका रविवारी नोवीचा फोन आला.

“ममा, ड्वाइटला एल्सबरोच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. आम्ही परत येतोय. आणि ममा, आम्ही आता तिघं होणार.”

“तिसरं कोण येतंय? सासू?” व्हर्डीनं विचारलं.

“बाळ, ममा!”

व्हर्डी फोन तसाच लोंबकळत ठेवून रस्ता ओलांडून अर्लीनकडे धावली, सांगून परत आली, तोवर नोवी बिचारी हॅलो हॅलो करत होती. ठरलं असं, की घराशेजारी, व्हर्डीच्याच जमिनीवर छोटं घर बांधायचं. ओसरीवरून हाक मारली की ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. व्हर्डीनं त्या दिवशी लोण्याचा केक केला आणि आनंदाच्या भरात त्यात साखर घालायची विसरली. अर्लीननं दोन तुकडे खाल्ले आणि काही बोलली नाही. एवढा तो दिवस मोठा होता.

घर बांधायचं तर शोषखड्ड्याला जागा पाहिजे. सेप्टिक टँकमधलं पाणी मातीत मुरलं पाहिजे, आणि ते मुरतंय की नाही हे काउंटीचा मातीवाला बघतो. तो होता टिलेट नावाचा, लांब मानेचा, फार सभ्य तरुण. त्याची पद्धत अशी, की लांब गिरमिटानं भोक पाडायचं, त्यात पाणी भरायचं आणि पाणी किती उतरतं ते बघत बसायचं.

हे बघायला चर्चच्या अर्ध्या बायका घडीच्या खुर्च्या घेऊन आल्या. अर्लीननं मसाला भरलेली अंडी आणली, कुणी बर्फ घातलेला गोड चहा आणला. सगळ्या जणी गोल करून बसल्या आणि एका भोकातल्या पाण्याकडे बघायला लागल्या. मी सांगते, बॉलच्या मॅचला एवढा दंगा होत नाही.

“उतरलं, उतरलं! बोटभर उतरलं!”

“कुठे उतरलंय? तुझी खुर्ची खचलीय.”

“व्हर्डी, तू एवढी वाकून बघू नकोस, तुझी सावली पडतेय. पाण्याला वाटतं रात्र झाली, झोपायचं.”

“अर्लीन, तू अंडी खा.”

पाणी काही हललं नाही. टिलेटनं दुसऱ्या जागी भोक पाडलं. तिथंही तेच. पिकान झाडाखाली पाडलं, जुन्या खेचराच्या गोठ्यात पाडलं, कपडे वाळत घालायच्या तारेखाली पाडलं. सगळीकडे लाल चिकण, आणि पाणी जणू वाटीत ठेवलंय. गिरमिट काढताना टिलेटच्या मानेला घाम सुटला. मग त्यानं कपाळावरचे केस मागं सारले आणि मागच्या उताराकडे बोट केलं.

“आणि तिकडे, मिस व्हर्डी? टोमॅटो आहेत तिथली माती जरा वेगळी दिसतेय.”

“तिकडे नको,” व्हर्डी झटकन म्हणाली. “तिकडे साप आहेत.”

“साप?”

“कॉपरहेड. विषारी. जोडी. दर उन्हाळ्यात असते. एमॉसच्या बुटाला चावले होते.”

टिलेट दोन पावलं मागं सरकला. साप म्हटल्यावर त्याची लांब मान एकदम आखूड झाली. अर्लीनचं अंडं तोंडापाशी आलेलं तसंच राहिलं. ती जन्मली त्याच घरात, आणि त्या पट्ट्यात तिनं गोगलगाईपलीकडे काही बघितलं नव्हतं. तिनं नुसतं अंडं खाल्लं आणि बोटं पुसली.

टिलेट म्हणाला, उद्या सकाळी पुन्हा एकदा बघू, भोकं पाण्यानं भरून ठेवा. सकाळी येऊन बघतो तर पाणी होतं तेवढंच, आणि पिकानखालच्या भोकात बेडूक बसलेला. डोळे वर करून आरामात.

“मिस व्हर्डी,” टिलेट फार वाईट वाटून म्हणाला, “बेडूक राहायला आला म्हणजे... मी पास करू शकत नाही.”

“बेडकाला पास केलंस ना? मग माझी मुलगी काय वाईट आहे?” व्हर्डी म्हणाली खरी, पण तिचा आवाज खाली गेला होता.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी बक रॅग्सडेलची मोठी गाडी दारात. चर्चपुढची जी लाइन व्हर्डीनं अडवली होती, ती जिथं जाणार होती ते पाइनचं जंगल या बकचं. आणि तो काखेत एक अख्खा हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, घेऊन आला होता, दोरा बांधलेला.

“मिस व्हर्डी, झालं गेलं विसरा,” तो म्हणाला. “तुम्ही आईच्या जागी. पाइप चर्चच्या पाटीपाशी थांबलाय, तुमचं कुंपण तिथून दिसतंय. नियमात सोय आहे, एखाद्याची खरीच अडचण असली तर सवलत देतात. तुम्ही सभेत एक शब्द बोला. तुम्ही! तुम्हाला कोण नाही म्हणेल? पाइपाचं सगळं मी बघतो.”

“फक्त नोवीपुरता?”

“फक्त नोवीपुरता.”

“केवढा पाइप?”

बकनं सहज दोन्ही हात पसरून दाखवलं.

व्हर्डीनं त्या हातांकडे बघितलं. “एवढा? माझी मुलगी काय हत्ती पाळणार आहे?”

बक खूप हसला. म्हणाला, एकदा खणलंच तर मोठा घातलेला बरा असतो. व्हर्डी हसली नाही. पण तिनं हॅम घेतला. आत नेऊन फ्रिजमध्ये ठेवला. कापला नाही, दोराही सोडला नाही. रोज फ्रिज उघडायची, हॅमकडे बघायची, दूध काढायची आणि दार लावायची.

नोवी शनिवारी आली. तिचं पोट आता दिसायला लागलं होतं. ती आल्या आल्या पाचही खड्डे बघून आली, बेडकाला भेटून आली, आणि स्वयंपाकघरात बसली.

“ममा, इथं जमत नसलं तर ड्वाइट म्हणतो त्याच्या बहिणीकडे घर मिळतंय. हॉस्पिटलपासून पलीकडच्या बाजूला. लाइन आहे, सगळं तयार.”

“पलीकडच्या बाजूला म्हणजे तासभर लांब.”

“हो. दर रविवारी येऊ की.”

“शार्लटहून पण दर रविवारी येणार होतीस.”

नोवीनं खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, “मग बोल ना सभेत. तूच काढलेली रेघ. तूच पूस. एकच घर, ममा. एका घरानं तळ्याचं काय होणारे?”

व्हर्डीनं उठून भांडी घासायला घेतली. हे असंच लोक तेव्हाही म्हणत होते, एका लाइननं काय होणारे. तिला ते पाठ होतं. पण समोर नोवी बसलेली, पोटावर हात ठेवून, आणि खिडकीतून पलीकडची रिकामी जागा दिसत होती, जिथं तिनं मनातल्या मनात घराला पडदेसुद्धा लावून टाकले होते. पिवळे.

“बोलते,” ती म्हणाली. “बोलते गं बाई.”

सभेच्या दिवशी हॉल गच्च भरला. व्हर्डी आपलीच रेघ पुसणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? बक पहिल्या रांगेत, केस चापूनचोपून. क्लाइड पेनिंग्टन अजून अध्यक्षच, चष्मा आणखी जाड झालेला. टिलेट भिंतीपाशी उभा. व्हर्डीनं चर्चला घालायचा निळा झगा घातला होता. तिचं नाव पुकारलं तशी ती माइकपाशी गेली, आणि बघते तर माइकच्या टेबलावर पाण्यानं भरलेली काचेची बरणी.

दुसऱ्या रांगेतून अर्लीन म्हणाली, “घसा कोरडा पडेल म्हणून आणली गं. तळ्याचंच आहे.”

हॉलभर खसखस पिकली. व्हर्डीनं नणंदेकडे असं बघितलं, की दुसरी कुणी असती तर खुर्चीखाली गेली असती. अर्लीननं पर्समधून शेंगदाणे काढले.

“माझी मुलगी परत येतेय,” व्हर्डीनं सुरुवात केली. “तिला बाळ होणारे. माझ्या जमिनीत पाणी मुरत नाही. मी... म्हणजे ही जी रेघ आहे...” ती बरणीकडे बघायची नाही म्हणून छताकडे बघत होती. “एक छोटा पाइप...”

“मिस व्हर्डी,” क्लाइड हळूच म्हणाले, “तुमची मागची जमीन त्या वेळी बाहेर ठेवली असती तर आज विचारावंच लागलं नसतं.”

“माहितेय क्लाइड. मीठ चोळू नकोस.”

“नाही नाही. नियम तेवढा सांगतो. सवलत द्यायची तर आधी सगळी जमीन तपासलेली पाहिजे. कुठेच मुरत नाही असं दिसलं पाहिजे. टिलेट, सगळं बघितलंस?”

टिलेट पुढं आला. खोटं बोलणं त्या मुलाच्या अंगातच नव्हतं. “हो साहेब. टोमॅटोचा पट्टा सोडून सगळं. तिथं मला जाता आलं नाही. साप आहेत.”

“साप?” क्लाइडनी चष्मा वर केला.

“कॉपरहेड, साहेब. जोडी.”

सगळ्यांच्या माना व्हर्डीकडे वळल्या. त्या हॉलमधल्या प्रत्येक माणसानं कधी ना कधी व्हर्डीच्या पट्ट्यात उकिडवं बसून टोमॅटो तोडले होते. पाद्रीबाबांनी तोडले होते. क्लाइडच्या बायकोनं अनवाणी तोडले होते. मग मागून कुणीतरी फुसकन हसलं.

आणि नोवी उभी राहिली. “ममा? कसले साप?”

व्हर्डीनं माइक धरला. सोडला. पुन्हा धरला. लाल दिवा लागला होता, पण क्लाइडनी त्यावर हात ठेवला होता.

“आणि हात पसरून पाइप केवढा ते पण दाखव,” अर्लीन शेंगदाणा सोलत म्हणाली.

व्हर्डीला तो पट्टा दिसत होता, बादली ओतली की पाणी गडप होणारा. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टिलेटनं पहिलं भोक पाडायच्या आधीपासून. शोषखड्ड्याच्या जागेवर भाजी लावत नाहीत, नुसतं गवत ठेवतात, हेसुद्धा तिला माहीत होतं. म्हणून तर साप निघाले.

“साप नाहीत,” ती म्हणाली. “तिथं कधी नव्हतेच. तिथं साप एकच, नि तो आत्ता माइकपुढे उभा आहे निळा झगा घालून.”

आधी कुणी हसलं नाही. मग क्लाइडच हसले, चष्मा काढून डोळे पुसायला लागले, आणि सगळा हॉल फुटला. बक रॅग्सडेल तेवढा हसला नाही. व्हर्डीनं त्याच्याकडे वळून दोन्ही हात पसरले. “आणि एका बाळाच्या लंगोटांसाठी एवढा पाइप आणणार होता हा! मला नको. माझा अर्ज परत द्या. रेघ आहे तिथंच राहू दे.”

मग बरणी उचलली. तिनं बरणी ओठापर्यंत नेली, वास घेतला, आणि खाली ठेवली. “अर्लीन, मागच्या वेळचं माझं मला माहितेय,” ती म्हणाली. एवढं फक्त त्या दोघींनाच कळलं.

घरी जाताना गाडी नोवी चालवत होती. चर्चची पाटी मागं गेल्यावर म्हणाली, “ममा, गावाचं तळं नासवायला तयार झालीस, पण टोमॅटो सोडवेनात तुला?”

“तळ्याला मी रोज उठून पाणी घालत नाही. टोमॅटोला घालते.”

“मग मी का टोमॅटो? खरं सांग.”

व्हर्डीनं खिडकीबाहेर बघितलं. “टोमॅटो उलटून बोलत नाहीत,” ती म्हणाली. मग नोवीकडे वळली. “पण तू. तूच गं. मला जरा उशिरा सुचलं.”

दुसऱ्या दिवशी हॅम बकच्या दारात, दोऱ्यासकट. बकची बायको म्हणाली, राहू द्या की तुम्हाला. व्हर्डी म्हणाली, “कापला असता तर ठेवला असता.”

टिलेट गिरमिट घेऊन आला. खुर्च्या आल्या, अंडी आली. पट्ट्यात भोक पाडलं, पाणी ओतलं, आणि अर्लीन खुर्ची उलगडून बसेपर्यंत भोक रिकामं. “अगं थांबा, मी बघितलंच नाही,” ती ओरडली. टिलेटनं पुन्हा ओतलं. पुन्हा गडप. बायकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्डी तेवढी टाळ्या न वाजवता वेलीला काठी बांधत राहिली. ती काठी उद्या उपटायची होती, तरी नीट गाठ मारून बांधली.

टोमॅटो अजून हिरवेच होते. सगळे उतरवले. चर्चच्या स्वयंपाकघरात हिरव्या टोमॅटोच्या चकत्या मक्याच्या पिठात घोळवून तळल्या, मोठमोठ्या परातीभरून, आणि उरलेल्यांचं लोणचं घातलं. सगळ्या गावानं खाल्लं आणि व्हर्डीनं सगळ्यांना स्वतः वाढलं. फक्त मागच्या वर्षीचं जपलेलं मूठभर बी एका कागदाच्या पुडीत बांधून तिनं रस्ता ओलांडला आणि अर्लीनच्या हातात ठेवलं.

“जपून लाव. तुझ्या मातीत काय येतात देव जाणे.”

अर्लीननं पुडी दोन्ही हातांत धरली. मग म्हणाली, “पाणी किती घालू?”

“रोज येऊन सांगेन,” व्हर्डी म्हणाली. आणि गेलीच रोज. अर्लीन पुढे म्हणायची, की मला साप परवडले असते.

नोवीचं घर झालं. खिडक्यांना पडदे पिवळे नाहीत, हिरवे. नोवीला पिवळा आवडत नाही. मुलगी झाली. टोमॅटोच्या पट्ट्यावर दाट गवत आलं, इतकं हिरवं की गाई कुंपणावरून माना घालून बघायच्या. दुसऱ्या वर्षी जत्रेत निळी फीत अर्लीनला मिळाली. ती फीत तिनं कपाटात ठेवली नाही, पत्रपेटीला बांधली, म्हणजे व्हर्डी ओसरीवर बसली की समोर दिसेल.

त्या संध्याकाळी दोघी त्या गवतावर घडीच्या खुर्च्या टाकून बसल्या होत्या. मांडीवर बशी, बशीत पावाच्या दोन स्लाइस, मधे मेयोनीज, मीठ आणि अर्लीनचा निळ्या फितीचा टोमॅटो.

“साल जाड आहे,” व्हर्डी म्हणाली.

“तिसरं खातेयस.”

“साल जाड आहे की नाही हे एका खाण्यात कसं कळणार?”

एवढ्यात वर, बाजूच्या नव्या घराचं पुढचं दार उघडलं. नोवी एका कडेवर पोर आणि एका हातात फरशी पुसल्याच्या पाण्याची बादली घेऊन पुढच्या पायऱ्यांवर आली आणि बादली तिरकी करायला लागली. दोघी खुर्चीतून एकदम उठल्या, बशा गवतात पडल्या, आणि दोघींच्या तोंडून एकच आरोळी निघाली,

“मागं! मागच्या दारी!”

नोवीनं बादली सरळ केली, पोरीकडे बघून डोळे फिरवले, आणि बदकांच्या बाजूला गेली.